चढावर गाडी बंद पडते, पी०३३५ कोड आलाय – क्रँक सेन्सर घरीच बदलू का?

घाटवाट (पुणे) | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१० ची, सात सीटर डिझेल, २.२ लिटर कॉमन रेल, १ लाख ८७ हजार किमी झालेत. अप्पांनी निवृत्तीनंतर हौसेनं घेतली होती, आता मी चालवतो. गेल्या शनिवारी साताऱ्याला निघालो होतो, खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये असताना ना आवाज ना झटका, इंजिन एकदम गप्प. आरपीएमचा काटा शून्यावर, स्टिअरिंग दगडासारखं जड, मागे ट्रकांची रांग आणि मागच्या सीटवर आई. कशीबशी डावीकडे घेतली, चाकाला दगड लावला. सेल्फ मारला तर फिरतंय पण घेत नाही. वीस मिनिटांनी मारला तर लगेच चालू, आणि मग थेट साताऱ्यापर्यंत काही त्रास नाही. येताना बोगद्यातून आलो, एकदाही बंद पडली नाही.

एका गॅरेजात स्कॅनर लावला, पी०३३५. म्हणाले क्रँक सेन्सर गेलाय, शिवाय वायरिंग जुनं झालंय, पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलू, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) पण उघडून बघू. आकडा सांगितला ३८ हजार. आत्ताच १५ वर्षं पूर्ण झाली म्हणून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतलीय, गाडी विकायची नाहीये. नुसता सेन्सर १,४५० ला मिळतोय. एक बोल्ट, एक कपलर (वायरीचा प्लग). सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलता येईल का? गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, रॅचेट, जॅक आहे. कुणी केलंय का हे काम?

वऱ्हाडी चाक (अकोला) | सोमवार, रात्री १०.०५

भाऊ, बिनधास्त करा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी माझ्या गाडीचा कॅम सेन्सर घरीच बदलला, मे महिन्यात, तेही सकाळी सहा वाजता, कारण नंतर आमच्याकडं बोनेटला हात लावता येत नाही.

मीरा_ठाणे | सोमवार, रात्री १०.२०

घाटात गाडी बंद पडते आणि तुम्ही घरी प्रयोग करणार? मला नाही पटत. टीव्हीचा रिमोट बिघडला तर प्रयोग ठीक आहे. आई मागे बसलेली असताना चढावर बंद पडणारी गाडी ही वेगळी गोष्ट आहे. ३८ हजार जास्त आहेत हे मान्य, मग दुसरं गॅरेज बघा.

तांब्याची तार (नाशिक) | सोमवार, रात्री ११.१०

घाटवाट, सेन्सर विकत घ्यायच्या आधी एक गोष्ट. पी०३३५ चा अर्थ "क्रँक सेन्सर खराब" असा नाही. त्याचा अर्थ क्रँक पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलरच्या पिना, तिथून ईसीएमपर्यंतची वायर, आणि ईसीएमचं स्वतःचं इनपुट, हे सगळं. स्कॅनर फक्त एवढंच सांगतो की सिग्नल यायला हवा तिथे आला नाही.

थोडं कसं चालतं ते लिहिते, म्हणजे मोजताना कळेल. क्रँकसोबत, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यासोबत, एक दात्यांचं चाक फिरतं, बहुतेक बॉश प्रणालीत ६० दात्यांची जागा आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले. सेन्सर दाते मोजतो, गाळलेली जागा आली की ईसीएमला कळतं क्रँक नेमका कुठे आहे, त्यावरून डिझेल कधी फवारायचं ते ठरतं. ३,००० आरपीएमला सेकंदाला ५० फेरे, म्हणजे सेकंदाला २,९०० ठोके. हे ठोके थांबले की ईसीएम आंधळा, इंजेक्शन बंद, इंजिन बंद. म्हणूनच झटका लागला नाही तुम्हाला.

आधी कपलर काढून पिना मोजा. दोन असतील तर आत नुसतं चुंबक आणि तांब्याचं वेटोळं, ओहम मोजता येतात. तीन असतील तर बहुधा हॉलचा सेन्सर (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला), त्यावर ओहम मोजू नका, त्यातून काहीच कळत नाही, तिथे सप्लाय आणि ग्राउंड तपासायचं. (दोन पिनांच्या सेन्सरलाही कधी शिल्डची तिसरी पिन असते, तेव्हा वर्कशॉप मॅन्युअल बघा.)

मोजल्याशिवाय खर्च करू नका ही विनंती.

उद्यमनगर (कोल्हापूर) | मंगळवार, सकाळी ६.५०

बाईंनी बरोबर लिवलंय. मी ३१ वर्षं फिटर होतो, शिवाजी उद्यमनगरात. आता हातात पान्हा धरवत नाही, बोटं आखडत्यात, पण सांगतो.

बोल्ट एकच असतोय खरा, १० नंबरची गोटी लागती. पण पंधरा वर्षं त्यो सेन्सर त्या भोकात बसलाय, त्याची ओ-रिंग फुगून धरून ठेवती. लोकं काय करत्यात, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटत्यात. प्लास्टिकचं डोकं तुटून हातात येतंय आणि सेन्सरचं नाक आत अडकतंय. मग गिअरबॉक्स उतरवा. तसं करायचं न्हाई. आदल्या रात्री रस्ट स्प्रे मारून ठिवायचा, सकाळी बोल्ट काढायचा, आणि सेन्सर वर वडायचा न्हाई, आधी डावीकडं-उजवीकडं फिरवायचा, हळू, हळू. सुटला की हाताला कळतंय, कणसाचं दाणं सुटावं तसं. मग वडा.

आणि इंजिन गार पाहिजे. पूर्ण गार.

सह्यभटक | मंगळवार, सकाळी ८.१५

काका, "कणसाचं दाणं" हे जपून ठेवलं बघा.

घाटवाट | मंगळवार, दुपारी १.३०

सगळ्यांचे आभार. मीराताई, तुमची काळजी समजते, आईला घेऊन मी आता घाटात जाणारच नाहीये जोवर खात्री होत नाही. काका, स्प्रे आणून ठेवतो. तांब्याची तार, मल्टिमीटर माझ्याकडे नाही, पण सेन्सर आज सकाळीच नाना पेठेतून घेऊन आलो, उद्या सुट्टी आहे, बदलून टाकतो म्हणजे निदान एक शंका मिटेल.

तांब्याची तार | मंगळवार, दुपारी १.४५

ठीक आहे. जुना सेन्सर फेकू नका मात्र. आणि मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत येतो, घ्याच.

जांभा रस्ता (रत्नागिरी) | मंगळवार, संध्याकाळी ५.००

गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर जाऊ नका. हे मी ओरडून सांगतोय असं समजा. आमच्या वाडीत एकानं चिऱ्यावर गाडी टेकवली होती, चिरा म्हणजे जांभ्याचाच, दिसायला भक्कम, पण वजन एका कोपऱ्यावर आलं की भुगा होतो. तो खालून बाहेर आल्यावर दोन मिनिटांनी गाडी बसली. दोन मिनिटं. जॅकस्टँड विकत घ्या किंवा गॅरेजातून एक दिवसासाठी मागून आणा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक, सपाट जमीन, आणि घरातलं एक माणूस बाहेर उभं.

वऱ्हाडी चाक | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

+१. आणि कॉमन रेलच्या लोखंडी पाइपांना हात नका लावू. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्या पाइपात हजार बारच्या वर डिझेल असतं. नट सैल झाला तर ती धार कातडी फोडून आत जाते. लहान टोचल्यासारखं दिसलं तरी थेट दवाखान्यात जावं लागते.

सुमोवाला (संगमनेर) | मंगळवार, रात्री ९.००

वाचून वाटलं की आमच्या वडिलांची सुमो किती सुखी होती. मेकॅनिकल पंप, एकदा चालू झाली की बॅटरीची फारशी गरजही नाही, ना कोड ना सेन्सर. बंद पडली तर एकतर डिझेल संपलंय नाहीतर एअर धरलीय, हातपंपानं एअर काढा आणि निघा. लग्नाची पंधरा माणसं घेऊन भंडारदऱ्याला गेलोय.

मीरा_ठाणे | मंगळवार, रात्री ९.१०

सुमो हे नाव टाटांच्या गाड्यांच्या कंपनीचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या (Sumant Moolgaokar) नाव-आडनावाच्या इंग्रजी सुरुवातीवरून पडलं, Su आणि Mo, माझ्या बाबांनी लहानपणी सांगितलं होतं. गाडी आली १९९४ ला, ते त्याच्या आधीच गेले होते. गाडी दिसली की बाबा दर वेळी सांगायचे.

सह्यभटक | मंगळवार, रात्री ९.३०

सुमोवाला, पण तो काळा धूरही आठवा. सेन्सर आले ते डिझेल मोजून-मापून फवारता यावं म्हणून. बीएस-४ (गाडीच्या धुराचा नियम) एप्रिल २०१० ला आधी १३ शहरांत आलं, मुंबई-पुण्यासोबत आपलं सोलापूरही होतं त्यात, बाकी देशात व्हायला २०१७ उजाडलं. त्यामुळे २०१० ची एकच गाडी दोन गावांत दोन प्रकारची असू शकते. घाटवाट, पार्ट घेताना चासी नंबर सांगितला होता ना? तोच सेन्सर दिसतो सारखा पण नाकाची लांबी एखाद मिलिमीटर कमी-जास्त असते, आणि दाता ते सेन्सर फट साधारण एक मिलिमीटरच असते, म्हणजे सगळा खेळच तेवढ्यात आहे.

घाटवाट | बुधवार, दुपारी ३.५०

झालं! मोठा रिपोर्ट लिहितोय.

सकाळी सातला सुरुवात. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. जॅकस्टँड समोरच्या टायरवाल्याकडून आणले, मुलगी (इयत्ता आठवी) बाहेर टॉर्च धरून उभी. आमच्या गाडीत सेन्सर बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथल्या कवचावर) आहे, वरून दिसत नाही, खालून हात घातला तर एक्झॉस्टचं पत्र्याचं कवच मध्ये येतं. लांब एक्स्टेन्शन आणि त्याला युनिव्हर्सल जॉइंट लावल्याशिवाय गोटी बसतच नाही. दोनदा पडली, एकदा थेट कपाळावर.

बोल्ट सुटला. मग काकांनी सांगितलं तसं डावीकडे-उजवीकडे. पहिली दहा मिनिटं काहीच नाही, मला वाटलं तुटणार. मग किंचित, अगदी किंचित हलल्यासारखं झालं, आणि काका, खरंच सांगतो, तसंच वाटलं, दाणा सुटल्यासारखं. बाहेर काढला तर नाकावर काळी पेस्ट, तेल आणि लोखंडाची बारीक पूड, चुंबकाला चिकटलेली, दाढीच्या केसांसारखी उभी. भोकाभोवती कापडानं पुसून घेतलं, आत काही पडू दिलं नाही. नव्याच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावलं, हातानं पूर्ण बसवला, मग बोल्ट. तो ६ मिमीचा लहान बोल्ट आहे, ८-१० न्यूटन मीटरच लागतात, म्हणजे मनगटानं आवळला, खांद्यानं नाही. कपलर टक्क आवाज येईपर्यंत.

सेल्फ मारला, एका फेऱ्यात चालू. मुलीनं टाळ्या वाजवल्या. कात्रजपर्यंत जाऊन आलो, मस्त. १,४५० रुपये आणि अर्धा दिवस.

वऱ्हाडी चाक | बुधवार, दुपारी ४.०५

जमलं भाऊ! ३६ हजार पाचशे वाचले.

उद्यमनगर | बुधवार, संध्याकाळी ७.३०

शाब्बास. पोरगीला पुढच्या टायमाला पान्हा द्या, टॉर्च तुमी धरा.

मीरा_ठाणे | बुधवार, रात्री १०.००

अभिनंदन. मी चुकीची ठरले तर आनंदच आहे. तरी महिनाभर आईंना घेऊन लांब जाऊ नका.

घाटवाट | रविवार, रात्री ८.१५

मीराताई बरोबर होत्या. आज एकटाच मुद्दाम खंबाटकीला गेलो. त्याच चढावर, जवळपास त्याच वळणाच्या आसपास, पुन्हा बंद. वीस-पंचवीस मिनिटांनी चालू. कोड पुन्हा पी०३३५. नवीन सेन्सर डुप्लिकेट निघाला का? पावती आहे माझ्याकडे. खूप वाईट वाटतंय, खरं सांगायचं तर पैशापेक्षा त्या टाळ्यांचं.

सह्यभटक | रविवार, रात्री ८.४०

अरेरे. डुप्लिकेट असू शकतो. खोक्यावरचा होलोग्राम बघितला होता का?

तांब्याची तार | रविवार, रात्री ९.०५

दुकानदाराकडे जायच्या आधी मोजा. दोन पिनांचा आहे ना? जुना सेन्सर टेबलावर ठेवा, गार असताना ओहम लिहा. मग केस वाळवायच्या ड्रायरनं पाच-सात मिनिटं गरम करा, हाताला धरवणार नाही इतका, आणि मोजत राहा. आतलं वेटोळं तुटकं असेल तर गरम झाल्यावर आकडा उडेल, मीटर उघडं सर्किट दाखवेल. नसेल तर हळूहळू चढेल.

घाटवाट | रविवार, रात्री १०.३०

मल्टिमीटर गुरुवारीच आणला होता. जुना सेन्सर: गार असताना (खोलीत ३० अंश) ८६० ओहम. ड्रायरनंतर १,०२५. मुलीनं स्वयंपाकघरातला थर्मामीटर लावला, ८० अंशांच्या आसपास. आकडा चढला म्हणजे खराबच ना?

तांब्याची तार | रविवार, रात्री १०.५०

नाही! उलट तो ठणठणीत आहे. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. ५० अंशांना २० टक्के. ८६० चे २० टक्के म्हणजे १७२, बेरीज १,०३२. तुमचा १,०२५. याहून चांगलं उत्तर मिळणार नाही. जुना सेन्सर कधीच गेला नव्हता. नवाही बहुधा चांगला आहे, दुकानदाराशी भांडू नका.

आता वायर. चढावरच का बंद पडते याचा विचार करा. सपाट रस्त्यावर नाही, बोगद्यातून येताना नाही, कात्रजच्या छोट्या फेरीत नाही. चढाला दोन गोष्टी होतात, इंजिनखालचं सगळं तापतं, आणि जोर लागला की इंजिन आपल्या माउंटिंगवर (रबरी आधारांवर) एका बाजूला कलतं. वायर कुठेतरी घासतेय किंवा ताणली जातेय.

उद्यमनगर | सोमवार, सकाळी ६.३०

ह्ये मला आधीच सुचायला पायजे हुतं. १ लाख ८७ हजार म्हंजे माउंटिंगचं रबर बसलेलंच असणार. बोनेट उघडून एकाला गाडीत बसवा, पाय ब्रेकवर, हँडब्रेक, पुढं कुणी उभं राहू नका, पहिला गिअर टाकून क्लच जरा सोडायला सांगा, इंजिन किती उचलतंय त्ये बाजूनं बघा. बोटभर हललं तर ठीक, चार बोटं हललं तर रबर गेलं.

जांभा रस्ता | सोमवार, सकाळी ९.००

उंदीरही बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वायरीचं कव्हर कुरतडतात.

घाटवाट | शनिवार, दुपारी २.२०

सापडलं.

काकांची चाचणी केली, इंजिन चांगलं तीन बोटं उचलतंय. मग बॅटरी काढून पुन्हा खाली गेलो, पण या वेळी सेन्सरकडे न बघता त्याची वायर हातानं चाचपत वर निघालो. त्या एक्झॉस्टच्या पत्र्याच्या कवचाला एक कान आहे, वायर त्याच्या मागून जाते. तिथली बांधायची क्लिप तुटून गेलीय, वायर त्या कानावर नुसती टेकलेली. टॉर्च मारला तर बाहेरची टेप ठीक दिसत होती. मुलगी म्हणाली बाबा फिरवून बघा ना. फिरवली. मागच्या बाजूला नखाएवढी जागा चकचकीत, टेप नाही, कव्हर नाही, तांबं उघडं, आणि पत्र्यावर बरोबर तेवढाच घासल्याचा पट्टा.

दोन्हीकडचे कपलर काढून त्या वायरपासून बॉडीपर्यंत मोजलं. सैल असताना काहीच नाही. बोटानं वायर पत्र्यावर दाबली, ०.४ ओहम. सोडली, काहीच नाही. दाबली, ०.४. मुलगी आकडे वाचून दाखवत होती आणि मी चार-पाच वेळा नुसता दाबत-सोडत राहिलो.

तांब्याची तार | शनिवार, दुपारी २.३५

वा वा वा! तापली की कव्हर मऊ पडून टेकायची, गार झाली की सुटायची, म्हणून ती वीस मिनिटं.

आता जोड नीट द्या. नुसतं पीळ मारून इन्सुलेशन टेप नको, तिथे उष्णता आहे, टेप चिकटा सोडेल. खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीची वायर सोल्डर करा, प्रत्येक जोडावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), दोन जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका. दोन वायरींचा मूळचा पीळ तसाच ठेवा, आणि वर जाळी असेल तर ती जोडा पण ग्राउंड एकाच टोकाला राहू दे. हा सिग्नल सेल्फ मारताना अगदी दुबळा असतो, पीळ गेला तर आजूबाजूची गडबड आत शिरते. मग कापडी हार्नेस टेप, आणि पत्र्यापासून लांब नवीन क्लिप.

घाटवाट | पुढचा रविवार, संध्याकाळी ६.४५

सगळं तसंच केलं. सोल्डरिंग शेजारच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी खाली येऊन करून दिलं, चहाशिवाय काही घेतलं नाही. इंजिन माउंटिंग मात्र घरी नाही केलं, इंजिनला खालून आधार देऊन करायचं काम आहे, ते एका दुसऱ्या गॅरेजात करून घेतलं, रबर दोन तुकडे होऊन बाहेर आलं.

आज खंबाटकी तीनदा चढलो. वर जाऊन, बोगद्यातून परत, पुन्हा वर. तिसऱ्या फेरीला एसी लावून, मुद्दाम दुसऱ्या गिअरला. एकदाही बंद पडली नाही. मीराताई, पुढच्या रविवारी आईला घेऊन साताऱ्याला जातोय.

नवा सेन्सर गाडीतच राहू दिला, जुना पुसून, दोन्ही आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय.

मीरा_ठाणे | रविवार, संध्याकाळी ७.००

आईंना नमस्कार सांगा. आणि कंदी पेढे आणा.

नवा_पान्हा (लातूर) | सोमवार, सकाळी १०.१०

पूर्ण धागा वाचला. माझ्याकडे २०१२ ची डिझेल आहे, पी०३४० येतोय, पावसात जास्त. दुकानदार म्हणतोय कॅम सेन्सर ऑनलाइन मागवा, आज ऑर्डर करतोय.

तांब्याची तार | सोमवार, सकाळी १०.१२

थांबा! पावसात म्हणालात ना, आधी कपलर काढा, आत हिरवट पूड किंवा ओल आहे का बघा, रबरी सील जागेवर आहे का बघा, आणि फोटो टाका इथे.

उद्यमनगर | सोमवार, सकाळी १०.३०

कपलर वायरीला धरून वडायचा न्हाई. कान दाबून, बॉडीला धरून.